धुराची सोय

२ जानेवारी, दुपारी ३
हिला बसमध्ये बसवून आलो. मुलीचं बाळंतपण आहे, तीन आठवडे तरी ही येत नाही. तुम्हीही चला म्हणत होती. मी म्हटलं, भर हिवाळ्यात घर बंद ठेवलं की नळ गोठून फुटतात, इथे कोणीतरी जबाबदार माणूस हवा. विमा कंपनीच्या क्लेम विभागात चौतीस वर्षं काढलेल्या माणसाला धोका म्हणजे काय ते शिकवू नये. रिटायर होऊन या खेड्यात आलो तो शांततेसाठी. शांतता भरपूर आहे. आज जरा जास्तच आहे.

बस वळणाआड गेली तेव्हा पोटात खड्डा पडला. सकाळी नीट खाल्लं नव्हतं, त्यामुळे.

संकल्प: रोज डायरी लिहायची. घाबरायचं नाही. (दुसरा खोडला. जे होतच नाही त्याचा संकल्प कशाला?)

३ जानेवारी, सकाळी १०
समोरच्या काकू येऊन गेल्या. वय चौऱ्याहत्तर, एकट्या राहतात, बर्फ ओढायचं फावडं काठीसारखं टेकत चालतात. म्हणाल्या, हिवाळ्यात इथे सगळे समोरच्याचं धुराडं बघतात. सकाळी आठपर्यंत धूर दिसला की माणूस ठीक आहे असं समजायचं. नाही दिसला की उठून जायचं आणि दार वाजवायचं. तुमच्या बायकोने मला जाताना दहा वेळा बजावलंय, ह्यांच्याकडे लक्ष ठेवा म्हणून.

मी काय पाळण्यातलं बाळ आहे? मनातून भडकलो.

जाता जाता आणखी एक उपदेश. मागच्या लाकडांच्या शेडचं छत खरवडून घ्या, बर्फ घसरून दारात पडला तर दार उघडायचं नाही, ते बाहेरच्या बाजूला उघडतं. म्हणजे शिडी लावा. शिडीवरून पडलेल्यांच्या शंभर तरी फायली या हाताखालून गेल्या आहेत. बघू, सवडीने.

४ जानेवारी, सकाळी ८.३०
पुढच्या खोलीतली मोठी शेगडी मी पेटवणार नाही. ही होती तेव्हा गोष्ट वेगळी होती. धुराड्यात काजळी साठते, ठिणगी उडते, काजळी पेट घेते आणि झोपेतल्या झोपेत घर खलास. अशी अकरा घरं मी कागदावर जळताना पाहिली आहेत. याला भीती नाही, अभ्यास म्हणतात. स्वयंपाकघरात इलेक्ट्रिक हीटर लावला, तिथेच गादी टाकली, बाकीच्या खोल्यांना कड्या घातल्या.

पण मग धूर कुठून येणार? आठ वाजून पाच मिनिटांनी काकू दारात, फावड्यासकट. मी पायजम्यावर दोन स्वेटर आणि हिची शाल अशा अवतारात. जिवंत आहात का, म्हणाल्या. हो म्हटलं. चेहऱ्यावरून वाटत नाही, म्हणाल्या आणि गेल्या.

त्यानंतर खिडकीतून वाऱ्याची दिशा पाहिली. काकूंच्या धुराड्यातल्या धुरावरून दिशा बरोबर कळते. रोज साडेआठला पाहणार. हवामानाची नोंद ठेवलेली बरी.

५ जानेवारी, दुपारी
माळ्यावर कोणीतरी चालतं आहे. चार पावलं, मग थांबतं. मग दोन. हातात झाडू घेऊन पाऊण तास उभा राहिलो. वर जाऊन छडा लावणारच होतो, पण वर जायला शिडी लागते. (३ तारीख पाहा.)

वारा: पश्चिमेचा. धूर चांगला दाट होता, बरं वाटलं.

६ जानेवारी
काकू पुन्हा आठ पाचला. काल रात्रभर लाइट का चालू होता, विचारलं. वाचत होतो म्हटलं. काय वाचत होता, विचारलं. हीटरचं माहितीपत्रक, म्हणालो. खोटं नव्हतं.

या बाईंचा कायमचा बंदोबस्त करायला हवा.

७ जानेवारी, सकाळी ११
डोकं म्हणतात ते याला!

शेडमध्ये लाकूड कापल्याचा भुसा पोत्यांनी पडला आहे. लहानपणी घरी भुशाची शेगडी असायची. पत्र्याच्या डब्यात भुसा ठासून भरायचा, मधे भोक ठेवायचं, खालून पेटवायचं. तसाच डबा भरला, वरच्या थरावर थोडं पाणी शिंपडलं आणि पुढच्या खोलीत धुराड्याखाली नेऊन ठेवला. ज्वाळा नाही, ठिणगी नाही, नुसता धूर. तोही तासन् तास. बाहेर जाऊन पाहिलं, एखाद्या सुखी कुटुंबाच्या घरातून यावा तसा धूर येत होता.

उद्या डब्याऐवजी पिंप. हिशेब केला: एक पिंप छत्तीस तास. आता मी झोपलेला असो, आजारी असो, घरात असो की नसो, धूर येतच राहणार. काकूंना आयुष्यात कळायचं नाही.

९ जानेवारी, संध्याकाळी ५
दोन दिवस काकू फिरकल्या नाहीत. योजना शंभर टक्के यशस्वी.

दोन दिवसांत कोणाशीच बोललो नाही. हीटरशी बोललो, पण ते त्याने खरखर केली म्हणून. हिचा फोन आला. शेगडी पेटवता ना, विचारलं. धूर बघ म्हटलं कसा येतोय. मी इथून कसा बघू, म्हणाली. मग हळूच म्हणाली, भीती वाटते का हो? मी मोठ्याने हसलो. हसता हसता ठसका लागला तो थांबेना, म्हणून फोन ठेवला.

वारा: ईशान्येचा. काकूंचा धूर जरा पातळ होता, पण होता. चार वेळा पाहिला.

११ जानेवारी, सकाळी ७.४०
शेडमध्ये. डायरी आणि पेन्सिल स्वेटरच्या खिशात होत्या म्हणून लिहितो आहे.

सहाला पिंप गच्च भरून पेटवलं. सातला आणखी भुसा आणायला शेडमध्ये आलो. दार ओढून घेतलं, वारा आत येत होता म्हणून. तेवढ्यात वर घरंगळल्यासारखा आवाज झाला आणि धप्प. छतावरचा सगळा बर्फ दारात. ढकललं. लाथा मारल्या. दार बोटभरसुद्धा हलत नाही.

घाबरण्याचं कारण नाही. हाक मारतो.

८.०५
हाका मारल्या. घसा बसला. शेड घराच्या मागे, काकूंचं घर पुढे. मोबाइल चार्जिंगला. अंगात स्वेटर आहेत, पायात हिच्या सपाता.

तरी आठ वाजून गेले. आता धूर दिसला नाही की काकू येतीलच.

८.०६
धूर दिसणार आहे.

८.३०
फळ्यांच्या फटीतून माझंच धुराडं दिसतं. काय सुरेख धूर येतो आहे. छत्तीस तास म्हणजे उद्या संध्याकाळी सहापर्यंत. तोवर साऱ्या गावाच्या दृष्टीने मी ठणठणीत.

देवा, आयुष्यात पहिल्यांदा मागतो, माझी योजना फसू दे. पिंप विझू दे.

खिडकीत जायची वेळ टळली. वारा कुठला आहे कोण जाणे.

९.१५
भुशाच्या पोत्यात कमरेपर्यंत शिरलो आहे. पायाची बोटं आहेत की नाहीत कळत नाही. दात इतके वाजतात की अक्षर हलतं. पॉलिसीचे कागद कपाटात, वरच्या खणात, निळ्या फाइलमध्ये. कारण: स्वतःचा निष्काळजीपणा. असा क्लेम मी असतो तर नामंजूर केला असता.

मला भीती वाटते. एकदाचं लिहून टाकतो. आज नाही, बस वळणाआड गेली तेव्हापासून वाटते आहे. माळ्याची वाटते, शेगडीची वाटते, संध्याकाळची तर फारच वाटते. ही शेजारी असली की वाटत नाही, म्हणून मला वाटायचं की मी धीट आहे. तिच्याबरोबर जायला हवं होतं. नातवंडाचं तोंड तरी पाहिलं असतं.

१०.१०
बाहेर काहीतरी दार उकरतं आहे. लांडगा असावा. चांगला मोठा. धापा टाकतो आहे. हातात लाकूड घेतलंय, पण हात मिटत नाही.

११ जानेवारी, दुपारी ४
काकूंच्या घरी, त्यांच्या शेगडीपाशी, पाय कोमट पाण्यात. लांडगा म्हणजे काकू. मधला रस्ता रात्रीतून गुडघाभर बर्फाखाली गेला होता, तो उपसत यायला, घरात मी नाही हे बघून मागे शेडपर्यंत पोचायला त्यांना दीड तास लागला. मला पाहिल्यावर म्हणाल्या, ते लाकूड खाली ठेवा आधी.

मला रडू आलं. भुसा डोळ्यात गेला होता असं लिहिणार होतो. नव्हता गेला.

धूर येत असूनही कशा आलात, विचारलं. म्हणाल्या, तुमचा धूर मी पहिल्याच दिवशी ओळखला. माणूस राहतो त्या घरचा धूर कमी-जास्त होतो, तुमचा कारखान्यासारखा एकसारखा. तो मी बघतच नाही. तुम्ही रोज साडेआठला पडदा बाजूला करून, मान लांब करून माझा धूर आहे का बघता ना? ते मी बघते. आज पडदा हलला नाही.

वाऱ्याच्या दिशेबद्दल सांगणार होतो, त्याऐवजी आणखी कोमट पाणी मागितलं.

१३ जानेवारी
नात झाली! दोघी छान आहेत. हिला शेडचं काही कळवायचं नाही असं ठरवलं होतं. फोन उचलल्या उचलल्या तिने पायाची बोटं किती शिल्लक आहेत, ते विचारलं.

नवे संकल्प: मोठी शेगडी रोज आठच्या आत, खऱ्या लाकडांची. धुराडं साफ करायला माणूस बोलावला. माळ्यावर काकू स्वतः चढल्या. उंदीर निघाला. लहान होता.

आता भीती पूर्णपणे गेली.

१६ जानेवारी, सकाळी ९
आठ वाजले, काकूंच्या धुराड्यातून धूर नाही. आठ दोन, नाही. आठ तीनला माझ्या तोंडचं पाणी पळालं. निघालो. एका पायात बूट, दुसऱ्यात मोजा, अंगावर गादीवरची चादर. बर्फात दोनदा पडलो. दोन्ही मुठींनी दार बडवलं, काकू काकू म्हणून ओरडलो. आवाज सगळ्या गल्लीने ऐकला असावा, कारण चार खिडक्या उघडल्या.

काकूंनी दार उघडलं. हातात चहाचा कप. लाकडं ओली निघाली, पेटतच नव्हती, म्हणाल्या. मग माझ्या मोज्याकडे आणि भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं.

अकरा मिनिटं, म्हणाल्या. गेल्या हिवाळ्यात तुमची बायको चार मिनिटांत आली होती. तुम्ही तेव्हा झोपला होता.