डोहाकाठची नोकरी

रविवार, २ एप्रिल. ईस्टरच्या आधीचा, झावळ्यांचा रविवार.

आज एक जर्मन मुलगी डोहात उडी मारून गेली ती बावीस आकडे होईपर्यंत वर आलीच नाही! बावीस. मी मोजले. एखादं डोकं पाण्याखाली गेलं की मीही श्वास धरतो. ते वर आलं की सोडतो. प्रत्येकासाठी असं करतो. दिवसाकाठी साठ-सत्तर उड्या होतात. संध्याकाळी छाती दुखते.

ती वर आली ती हसतच. मैत्रिणीला घाबरवायचं होतं म्हणे.

मी काठावर, हातात दोर, पायात घट्ट बांधलेले बूट. आता लिहूनच टाकतो, कारण दुसऱ्या कोणाला सांगायची सोय नाही — मला पोहता येत नाही. आमच्या उसाच्या वस्तीत नदी नव्हती. अंघोळ बादलीनं. जानेवारीत या नोकरीचा अर्ज भरला तेव्हा अकरावा प्रश्न होता: पोहता येते का? मी लिहिलं: हो. सुवाच्य अक्षरात. पाहुण्यांना फिरवायच्या मोटार-बग्ग्यांची मालकीण दोन्या इर्मा, म्हणजे इर्माबाई, अर्ज वाचून म्हणाली, "आठवीत शाळा सोडलीस ना रे? आणि सबंध अर्जात एक चूक नाही!"

होती. एकच.

सोमवार, ३ एप्रिल

पवित्र आठवड्याची गर्दी सुरू झाली. आज बारा बग्ग्या, चोवीस पाहुणे, तीन फेऱ्या. माझा जोडीदार राधामेस सगळ्यांच्या पुढे, मी सगळ्यांच्या मागे. त्याने मूठ वर केली की सगळ्यांनी थांबायचं. मी अंगठा वर केला की मागचे सगळे आले असं समजून त्याने निघायचं. मध्ये धुरळा, खड्डे, गुडघाभर चिखल आणि तोंडाला फडकी बांधलेली माणसं. कोण बाई, कोण बाप्या, कळत नाही.

राधामेस अकरा वर्षं हेच करतोय. त्याच्या जिभेला हाड नाही. निघायच्या आधी पाहुण्यांना गंभीर तोंडानं सांगतो, "ब्रेक कालच काढून ठेवले, गाडी हलकी व्हावी म्हणून!" सगळे खदखदून हसतात. "चिखलात जो पडेल त्याला आम्ही परत आणत नाही. तिथेच गावातली मुलगी बघून लग्न लावून देतो!" आणखी हसतात. पाहुणे त्याच्यावर खूश असतात. मला असं एक वाक्य सुचत नाही. मी पट्टे तपासतो, हेल्मेटचे बंद तपासतो. मग पुन्हा पट्टे तपासतो.

"भावा, तो पट्टा आता झिजेल तुझ्या हातानं," तो म्हणतो.

पाहुण्यांना कॉफी चाखवतात त्या घरी थांबा झाला की पुढे समुद्र, आणि शेवटी गुहेतला डोह. तिथे पोचलो की राधामेस रोज तेच म्हणतो. "तू पाण्याकडे बघ, मी गाड्यांकडे बघतो." आणि वर आंब्याखाली टोपी तोंडावर घेऊन आडवा होतो. इतका विश्वास! तोच तर टोचतो.

मंगळवार, ४ एप्रिल

पहाटे साडेपाचला एकटाच समुद्रावर गेलो. छातीपर्यंत पाणी. पाय उचलले. तीन सेकंद. खारं पाणी नाकात गेलं. घरी आलो. आईला सांगितलं, चालायला गेलो होतो.

बुधवार, ५ एप्रिल

गुहेपाशी सहा लाइफ जॅकेटं आहेत. त्यांतल्या दोनांचे बंद तुटलेले. आज सकाळी सुई-दोरा नेऊन शिवले. कोणी घालत नाही. "फोटोत वाईट दिसतं," असं एक आर्जेंटिनाची बाई म्हणाली. मी म्हटलं, "बाई, खोली अकरा मीटर आहे." ती म्हणाली, "वा! मग तर मजाच!"

दोर नवा मागून घेतला. पंधरा मीटर. टोकाला रिकामा प्लॅस्टिकचा कॅन बांधला म्हणजे फेकता येईल. दुपारच्या जेवणाच्या सुट्टीत आवारातल्या टायरवर नेम धरून चाळीस वेळा फेकला. राधामेस बघत होता. "गुरं पकडायला जाणार आहेस का?" मी दोर गुंडाळून पुन्हा फेकला. तो हसला नाही, हे आता लिहिताना आठवतंय.

गुरुवार, ६ एप्रिल

आईने गोड राजमा केला, या आठवड्यातली आमची खीर, वर बिस्किटं टाकून खायची. दुपारभर घरात दूध, दालचिनी आणि रताळ्याचा वास. शेजारच्या पाच घरांत वाटी गेली, पाच घरांतून वाटी आली. सगळ्यांच्या वाट्या चाखून आई म्हणाली, "आपलाच बरा."

मग मला बजावलं: "उद्या पाण्यात पाय घालायचा नाही. शुक्रवार आहे. मासा होशील."

"आई, मी काय लहान आहे?"

"तुझ्या मामाचा मित्र मोठाच होता."

दर वर्षी हेच. मामाच्या त्या मित्राला कोणी पाहिलेलं नाही. पण खरं सांगायचं तर आज मला ते ऐकून इतकं बरं वाटलं! उद्या या बेटावरचा कुठलाही शहाणा माणूस समुद्रात, नदीत, डोहात उतरणार नाही. पाहुण्यांना हे ठाऊक नाही, ते उतरतील. पण आपल्यांपैकी कोणी नाही. एक दिवस सगळेच माझ्यासारखे.

झोप चांगली लागेल असं वाटतंय.

शुक्रवार, ७ एप्रिल. गुड फ्रायडे.

आज अक्षर बघ कसं आलंय. सगळं क्रमानं लिहितो.

दुसरी फेरी. कॅनडाचे चौदा जण. त्यांत एक मोठा, टकला, उन्हानं लाल झालेला माणूस, पंचावन्नच्या आसपास. बायको काठावर बसून फोनवर चित्रण करत होती. त्याने दोन उड्या मारल्या. तिसरी मारली, वर आला, मी श्वास सोडला. आणि मग दिसलं की तो पोहत नाहीये. हात पाण्यावर सपासप आपटत होता, पण पुढे सरकत नव्हता. तोंड पाण्याच्या रेषेवर — उघडतंय, मिटतंय. आवाज नाही. बुडणारा माणूस ओरडतो असं मला वाटायचं. नाही ओरडत! बाजूचे हसत होते. बायकोही चित्रण करतच होती. त्यांना वाटलं, नक्कल करतोय.

मी ओरडलो, "राधामेस!" आणि दोर फेकला. कमी पडला. ओढून घेतला. ओला दोर किती जड असतो ते टायरवर फेकून कळत नाही. दुसऱ्यांदा फेकला तो त्याच्या खांद्यावरून पलीकडे पडला, आणि त्याने धरला. दोन्ही हातांनी. मी खाली बसलो, टाचा दगडात रोवल्या आणि ओढत राहिलो. मी स्वतःच पाण्याकडे घसरत होतो. मग दोन तरुण पाहुण्यांच्या लक्षात आलं, त्यांनी त्याला खालून ढकललं. दगडावर आल्यावर त्याला कॉफीची उलटी झाली. पायात गोळा आला होता. पोटरी दगडासारखी.

तो मला मिठी मारून रडला. एवढा मोठा माणूस. माझ्या अंगावर त्याचं पाणी.

मी वळून पाहिलं तर राधामेस पायऱ्यांवर होता. अठरा पायऱ्या आहेत. तो सातवीवर, कठडा धरून उभा. तिथून खाली आलाच नव्हता. मला वाटलं, शुक्रवार ना!

परतल्यावर दोन्या इर्मा फाटकातच उभी. तिला फोनवर कळलं होतं. पहिलाच प्रश्न: "दोर कशाला टाकत बसलास? उडी का नाही मारलीस?"

सगळे माझ्याकडे बघायला लागले. आता अर्ज काढणार, अकरावा प्रश्न काढणार — मला तो कागदच डोळ्यांसमोर दिसायला लागला.

तेवढ्यात बसवाले एवारिस्तोकाका म्हणाले, "अहो दोन्या, आज वार कोणता?"

तिने पटकन छातीवर क्रूस काढला. "अगं बाई! खरंच की. देवा, क्षमा कर." आणि माझ्या गालावर हात ठेवून म्हणाली, "चांगलं केलंस पोरा. दोर टाकायचं सुचलं तरी. दुसरा असता तर भान विसरून उतरला असता."

मी नुसती मान हलवली. मान हलवली म्हणजे खोटंच बोललो.

घरी आईने माझे पाय चाचपून पाहिले. "खवले नाहीत," म्हणाली. आणि राजम्यात चार बिस्किटं जास्त टाकली.

शनिवार, ८ एप्रिल

सकाळी सगळ्यांसमोर दोन्या इर्माने मला पुढे बोलावलं. टाळ्या वगैरे. मग म्हणाली, "सोमवारपासून आपण लहान मुलांनाही डोहावर नेणार. आठ वर्षांच्या वरची. हॉटेलवाले कधीचे मागे लागलेत. इतके दिवस मी नको म्हणत होते. पण असा माणूस काठावर असल्यावर भीती कसली?"

आठ वर्षांची मुलं!

दिवसभर काय केलं ते आठवत नाही. पट्टेही तपासले नाहीत.

चार वाजता आम्ही दोघं बग्ग्या धूत होतो. राधामेस पाइप धरून, मी घासत. मी ठरवलं होतं त्यापेक्षा फारच वेडंवाकडं बोललो. आधी म्हटलं, मला बरं नाही. मग म्हटलं, डोह नको, मी पुढे चालतो, तू मागे ये. मग एकदम तोंडातून गेलं: "राधामेस, मला पोहता येत नाही. कधीच येत नव्हतं. शुक्रवारचा काही संबंध नाही."

तो पाइप तसाच धरून उभा राहिला. पाणी त्याच्या बुटांवर पडत होतं.

"थट्टा करतोस?"

"मला थट्टा येते का?"

"नाही," तो म्हणाला. "तेच तर." पाणी बंद केलं. उलट्या बादलीवर बसला. बराच वेळ टोपीशी चाळा करत राहिला. मग म्हणाला, "मलाही नाही येत."

मला आधी कळलंच नाही.

"अकरा वर्षं?"

"अकरा वर्षं. तुझ्या आधी जो होता तो माशासारखा पोहायचा. तो सोडून गेला तेव्हा मीच इर्माला म्हणालो, कोणालाही घे, पण पोहणाराच घे. तिने तुझा अर्ज दाखवला. मी म्हटलं, हा चालेल. अरे बाबा, तुझ्या भरवशावर मी आंब्याखाली घोरत होतो!"

त्याला हसू येतंय असं वाटलं, पण नव्हतं येत.

मी म्हटलं, इर्माला सांगू या. तो लगेच उठला. "आणि? आपल्याला काढेल, दुसरे दोघं आणेल. त्यांनाही विचारेल, पोहता येतं का. काय सांगतील ते? मी काय सांगितलं? तू काय सांगितलंस? डोह बंद करणार नाही ती. डोहासाठीच तर येतात लोक." थोड्या वेळानं खालच्या आवाजात म्हणाला, "मला तीन मुली आहेत, नेफ्ताली."

शुक्रवारी सातव्या पायरीवर काय झालं ते मी विचारलं नाही. त्यानेच सांगितलं. "पाय पुढे टाकला होता रे. देवाशपथ टाकला होता. पडेना."

रविवार, ९ एप्रिल. ईस्टर.

चर्चमध्ये काही ऐकू आलं नाही. एकच विचार. इर्माला सांगितलं तरी उपयोग नाही, हे राधामेसचं खरं असेल. पण पाहुण्यांना? जीव त्यांचा. त्यांना कळलं तर तेच उतरणार नाहीत. आयाच मुलांचे हात धरतील. मग फोटो काढतील, कॉफी पितील, परत जातील. कोणाला काढायला नको, कोणाला मरायला नको. इतकं सोपं आहे!

दुपारी राधामेसच्या घरी गेलो. तो आधी "वेडा आहेस" म्हणाला. मग मुलींना अंगणात पिटाळलं आणि म्हणाला, "बोल, काय म्हणायचं ते." मग थोरलीला परत आत बोलावलं, तिला इंग्रजी चांगलं येतं. तिच्याकडून वाक्यं लिहून घेतली, तीनदा तपासली, तिने मला उच्चार शिकवले. छोटी वाक्यं. चुकायला जागाच नाही.

सोमवार, १० एप्रिल

सांगितलं! पहिल्या पायरीपाशी सगळ्यांना थांबवलं, हेल्मेटं काढायला लावली. आधी स्पॅनिशमध्ये, मग इंग्रजीत, हळू, एकेक शब्द सुटा: "मला पोहता येत नाही. राधामेसलाही येत नाही. तुम्ही बुडालात तर आम्ही तुम्हाला वाचवू शकणार नाही." राधामेस माझ्या शेजारी खाली मान घालून उभा होता.

मागे एक बाई फिस्सकन हसली. मग सगळेच. टाळ्या वाजवल्या! एकाने माझ्या पाठीवर थाप मारली — "ब्रेकच्या थट्टेपेक्षाही भारी!" मी "नाही, खरंच" म्हणालो, तर आणखी हसले. आणि पिवळ्या पोहायच्या कपड्यांतली एक मुलगी, आठेक वर्षांची, माझ्या हाताखालून निसटली आणि पायऱ्यांवरून खाली डोहाकडे धावत सुटली.