वैजूच्या लग्नातलं रिकामं कदेल

२६ एप्रिल ८७, रविवार. साखळी.
सकाळी केरीची वैजू आली, बाबांना घेऊन. (पेडण्यातली केरी. आमच्या सत्तरीतली नव्हे.) दिवाळीनंतर हिचा दाखवायचा फोटो मीच काढला होता. खालचा ओठ चावायची सवय, ती सोडवता सोडवता घाम निघाला. तो फोटो सावंतवाडीकडच्यांना पसंत पडला. लग्न ठरलं, १४ मे.

मला वाटलं पेढे द्यायला आले. तर वैजू म्हणते, "वयनी, लग्नाचे फोटो तूच काडूक होये. चुडो भरतत थंयसून गुरूप फोटोपर्यंत, सगळे."

बाबा तोवर भिंतीवरच्या मधूच्या फोटोकडे बघत होते. हाराकडे. मग माझ्या कपाळाकडे. "बाय, वायट मानू नको. पण शुभकार्य. मुहूर्ताक तू फुड्यात उबी रवतलंय... लोक काय म्हणतले? म्हापश्याक बघतंय कोण गावता काय." वैजू जाताना परत ओठ चावत होती.

म. जाऊन, मी विधवा होऊन दीड वर्ष झालं. तेव्हापासून पासपोर्ट, शाळेचे वर्ग, खाणीवरच्या ड्रायव्हरांची लायसन्सं. लग्न एकही नाही. म. असताना निम्मे फोटो मी काढत होते, तेव्हा कुणाचा संसार मोडला नाही. दुपारी भांडी जरा जोरातच आपटली.

३ मे, रविवार.
वसंतभावजी मुरगावहून आले. बंदरातली नोकरी, घरी फक्त रविवारी, पण धाकटे दीर म्हणून सगळा कारभार यांचाच. स्टुडिओचा गाळा ट्रकच्या सामानाच्या दुकानाला द्यायचा म्हणतात. "वहिनी, लग्नाचं काम मिळत नाही तर स्टुडिओ हवा कशाला? पासपोर्ट फोटोवर कुणाचं भागलंय?"

मी म्हटलं, मिळेल. ते हसले. "एक लग्न मिळवून दाखवा. आल्बम त्यांच्या पसंतीस उतरला तर परत गाळ्याचं नाव काढणार नाही. नाही मिळालं किंवा परत आला, तर किल्ली द्यायची."

बरं म्हटलं. आईंच्या देखत म्हटलं. आई (सासूबाई) पेज ढवळत होत्या, ढवळतच राहिल्या.

संध्याकाळी भावजी देवळासमोरच्या सभेत मराठीच्या हक्कावर बोलले. अन्याय सहन करणार नाही वगैरे. आवाज चांगला आहे. लोकां सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण.

६ मे.
वैजूचे बाबा परत. एकटे. म्हापसा, पेडणे, सगळीकडे विचारून झालं, त्या तारखेला एक फोटोवाला मोकळा नाही. नाक दाबलं की तोंड उघडतं, मुहूर्ताने यांचं नाक दाबलं.

पण अट होती. चहा थंड होईपर्यंत सांगता येईना. शेवटी म्हणाले, "दोन दिसांपुरतो हिरवो चुडो भर आणि टिकली लाय. सावंतवाडीकडची माणसां, तेंका काय खबर?"

म्हणजे सोंग घेऊन जायचं. त्यांना बिचाऱ्यांना ही सोय वाटत होती, हे कळत होतं म्हणून जास्तच राग आला. म्हटलं, "काका, मी येईन ती अशीच येईन. पूर्ण दिवस मी काढणार, मुहूर्तासकट. नको असेल तर आत्ता सांगा."

थंड चहा तसाच ठेवून गेले. काम गेलं बहुतेक. गेलं तर गेलं.

८ मे.
केरीच्या बसच्या कंडक्टरकडून निरोप: ये.
एवढाच. अशीच ये की चुडा भरून ये, ते नाही. मी आपल्याला सोयीचा अर्थ घेतला.

१३ मे, केरी.
खाणींची लाल धूळ नाही इथे, भिंग पुसावं लागत नाही. त्याऐवजी खारा वारा, सगळं चिकट.

घर चालवते ती वैजूची आते. वैजू लहान असताना आई गेली, तेव्हापासून हिनेच वाढवली. आते स्वतः बालविधवा, आता साठीच्या पुढे. मला दारातच अडवलं, स्वयंपाकघराकडे बोट केलं. "तू ती? रांधपात ये. माज्या वांगडा बस."
"मी काम करायला आलेय, आते."
"माका पण कामां आसत. घरात इतकी लग्नां झाली, मी एकदा तरी माटवात पाय घातलंय? मी काय पिशी, खुळी?"

खरं सांगायचं तर बाबांशी भांडणं सोपं होतं. हिच्याशी कसं भांडायचं?

दुपारी चुडा. ओसरीवर चटई, म्हातारा कांकणकार, वैजू कळवळतेय पण हसतेय, तिचे फोटो छान मिळाले. वैजू झाली की घरातल्या सगळ्या बायकांना भरायचे ही पद्धत. मी गुडघ्यावर बसून रोल बदलत होते, डावा हात मोकळा. कांकणकाराने तो धरला, दाबला, आणि मी वर बघेपर्यंत एक हिरवं कांकण मनगटात. त्याला काय माहीत. बाईचा हात दिसला, भरला.

एकीने पुटपुटून त्याला सांगितलं. म्हातारा घाबरला. काढायला जावं तर येईना, घट्ट. फोडावं तर चुड्याच्या वेळी कांकण फुटणं अशुभ. वैजूची मामी म्हणाली, "रवांदे मगे. दोन दिसांचो प्रश्न." बाबा खांबाआडून बघत होते. त्यांना देव पावल्यासारखं झालं असणार.

खोटं कशाला लिहू, तो हात क्षणभर मला आवडला. मग रडू येईल असं वाटलं, आणि त्याचाच राग आला. मोठ्याने म्हटलं, "माझा नवरा वारलाय. हे मला नको. फोडणार नाही, पण काढणार."

विहिरीवर गेले. मागून आते, हातात साबणाची वडी. पाणी तिनेच घातलं. कातडी सोलवटली, पण कांकण अख्खं निघालं. आतेने ते पुसलं, बराच वेळ धरून ठेवलं.
"माका वाटला तू ठेवशीत," म्हणाली.
आणि मग, "फाल्यां, लग्नादिसा, रांधपात ये," हेही म्हणालीच.

१५ मे, शुक्रवार. केरी, सकाळ.
काल लिहायला सवड नव्हती. सगळं एकदम लिहिते.

पहाटे नाहण, हळद. वैजूच्या तोंडावर हळद आणि मागच्या जनेलातून येणारा उजेड, हा फोटो आला तर बाकी नाही आले तरी चालेल. (चालणार नाही. भावजी.) मुंडावळ्या बांधताना डोळ्यांवर सावली पडते, हनुवटी वर कर म्हटलं की नवऱ्या वरमायेसारख्या दिसतात. तिला म्हटलं, माडाच्या शेंड्याकडे बघ. बघितलं. ओठ नाही चावला.

वऱ्हाड वेळेवर. नवरा बरा आहे, घाबरट. नवऱ्याच्या आईने पहिली नजर माझ्या कपाळावर टाकली, दुसरी हातावर. तिसरी टाकायची गरज नव्हती. आपल्या यजमानांच्या कानात काहीतरी, त्यांनी ते बाबांच्या कानात. मुहूर्त आला तसे बाबा माझ्याकडे यायला निघाले, मला कळलं कशासाठी. मी सरळ बाकावर चढले, अंतरपाटाच्या अगदी बाजूला. आता उतरवायचं तर चारचौघांत हात धरून उतरवा.

विहीणबाई म्हणाल्याच, "अहो भटजी, ही बाई इथं..."
भटजी घड्याळ बघत होते. "उतरायचं तर आत्ता उतरा, नाहीतर स्वस्थ राहा. वेळ टळते." मी स्वस्थ राहिले. देवाधर्माचं राहू दे, घड्याळ माझ्या बाजूने होतं.

अंतरपाट निघाला, अक्षतांचा मारा. दोघं एकमेकांकडे बघायच्या आधीचा तो निमिष, तोच हवा असतो. मिळाला. फ्लॅशच्या फटीत अक्षता अडकल्या, केसांत, पोलक्यात. माझ्यावर कोणी टाकल्या नव्हत्या, पण पडल्या.

जेवणं, ओटी, नावं घेणं, सगळं काढलं. मामाने जरा जास्तच घेतली होती, तो कुठल्याही फोटोत अर्धा येत होता.

मग गुरूप. हा म.चा आवडता भाग, माझाही. एरवी मला कोण विचारत नाही, पण स्टँडवरच्या कॅमेऱ्यामागे उभी राहिले की विहीणबाई सुद्धा "डावीकडे सरा" म्हटलं की सरतात. अंगणात कदेलं मांडली, घरातल्याच जुन्या हातांच्या खुर्च्या. मधे नवरा-नवरी, नवऱ्याकडे त्याचे आईबाप. वैजूच्या बाजूला एक कदेल मोकळं ठेवायला लावलं, त्यापलीकडे बाबा.

बाबा म्हणाले, "ह्यां कोणाचां?"
"आतेंचं. बोलवा त्यांना."

बोलवायला कुणी उठलं नाही. रांधपाच्या जनेलाच्या गजांमागे आते उभी होती, सगळ्यांना दिसत होती. मी हाक मारली. तिने मान हलवली. वैजूने हाक मारली. तिथूनच म्हणाली, "काड गे तू. उजेड जाता."

विहीणबाई दुसरीकडे बघू लागल्या. बाबा लाल झाले. "बाय, ता कदेल काड थंयसून."
"कदेल काढलंत तर मी कॅमेरा पेटीत घालते."
"आमच्या घरात येवन आमकाच..."
"काका, वैजूला कुणी वाढवलं ते सांगा, मग काढा."

कुणी सांगितलं नाही. कुणी काढलंही नाही. आते आली नाही. उन्हं माडांत गेली आणि मी फोटो घेतला. रिकाम्या कदेलासकट.

निघताना बाबा समोर आले नाहीत. आतेने वडे बांधून दिले, माझ्याकडे न बघता. चुकलं का माझं? तिला विचारलं नव्हतं, सगळ्यांसमोर हाक मारली. मांडवात उभं राहायचं की नाही हे मला ठरवायचंय, तसं जनेलामागून बाहेर यायचं की नाही हे तिलाही. हे आत्ता सुचतंय. पण कदेल मांडलं ते बरोबरच होतं.

१९ मे. साखळी.
रंगीत रोल पणजीला गेलेत. गुरूप काळापांढरा, तो मी घरीच धुतला. काळोख्या खोलीत कागदावर हळूहळू माणसं यायला लागली. मामा पूर्ण आलाय, आश्चर्य. कदेल आलंय. आणि जे अंगणात मला दिसलं नव्हतं ते: कदेलाच्या हातावर वैजूचा हात. चुडा भरलेला. कोणी बसलेलं असतं तर ठेवला असता तसा.

आईंना दाखवला. चष्मा लावून बघितला. "कोण गं बसायचं होतं इथे?" सांगितलं. दुपारी माझ्या आवडीचं सुंगटांचं हुमण केलं, कोळंबीची आमटी.

२३ मे.
आल्बम परवा पाठवला होता. आज बाबांचा निरोप, तोच कंडक्टर: बाकी फोटो चांगले. गुरूपातलं कदेल घालवून दे, नाहीतर आल्बम परत धाडतो.

घालवता येतं. कापून माणसं जवळ चिकटवायची, जोडावर ब्रश फिरवायचा, परत फोटो घ्यायचा. म. करायचा, मीही केलंय. पण मग वैजूचा हात कापावा लागेल.
उलट निरोप: नाही.
कंडक्टर म्हणाला, "इतकोच?" म्हटलं, इतकोच.

२४ मे, रविवार.
भावजींना कळलं. खूश. ३१ला दुकानवाला माप घ्यायला येणार. "वहिनी, शब्द दिलात ना."
दिला. पण अजून आल्बम परत आलेला नाही.

२६ मे.
दुपारी दारात आते. एकटी, केरीच्या बसने. हातात पिशवी. झालं, म्हटलं, आल्बम आला. किल्लीकडे लक्ष गेलं.

पिशवीतून निघाले पावाचे उंडे आणि आंबे. आल्बम नाही. पाणी प्याली, म्हणाली, "तो फोटो दाखय. माका घरात कोण दाखवणत नाय."

काचेखाली मोठी प्रत होती. वाकून बघत राहिली. बोट वैजूच्या हातावर.
"माका वाटला तू कदेल काडशीत. भाव इतको आराडलो."
"आते, तेव्हा हाक मारली... राग आला?"
"इलो. अजून आसा." मग, "जनेलातसून माका सगळां दिसता. पन्नास वर्सां बघतंय. पण मी खंयच दिसणंय नाय, ह्यां माका आतां दिसला."

स्टुलावर बसली. पदर सारखा केला. मी दिवे लावले. तिने भिंगाकडे बघितलं, आणि उठली.

"हंय नको. आयताराक वैजू माहेराक येता. आंगणात काड, त्याच कदेलार. भावाक मी सांगतंय. निरोप धाडतंय, मगे ये."
"रविवारी? काका हो म्हणतील?"
"बघूया."
बसपर्यंत पोचवायला गेले. बस सुटताना म्हणाली, "कुंकू नसलेलो फोटो बरो येता मगे?" मी म्हटलं, माझ्यावर सोडा.

३० मे, शनिवार.
आज गोवा राज्य झालं. बाजारात फटाके. काही पेढे वाटतायत, काही भाषेवरून अजून फुरंगटलेले, काही दोन्ही. भावजींनी फोन करून त्यांच्या मिरवणुकीचे फोटो काढायला सांगितले. गाळा बंद करणार म्हणताय ना, म्हटलं. त्यांनी फोन ठेवला.

केरीची शेवटची बस आली. कंडक्टरने लांबूनच मान हलवली. निरोप नाही.

३१ मे, रविवार.
सकाळच्या बसलाही निरोप नाही. आल्बमही नाही. म्हणजे आते अजून भांडतेय, किंवा हरली. इथे बसून कळणार नाही.

भावजी दुकानवाल्याला घेऊन दुपारी येणार. आई न्हाणीतून आल्या, माझी पिशवी बघितली. स्टँड, मोठा कॅमेरा, प्लेटी. "बोलावणं आलं?"
"नाही."
त्यांनी स्टुडिओची किल्ली खुंटीवरून काढून स्वतःच्या कमरेला खोचली. "वसंता विचारील तर मी सांगीन, सुलू कामाला गेली."

बस लागलीय. लिहिणं पुरे. बाबा दार उघडोत न उघडोत, अंगणाला दार नाही.