वाहत्या पाण्यात सोडलेलं दूध

३ नोव्हेंबर २०२५, सोमवार

आज रुजू झाले. अंबडच्या या सॉसच्या कारखान्यात सांडपाण्याची प्रयोगशाळा आता माझी. प्रयोगशाळा म्हणजे एक टेबल, एक सूक्ष्मदर्शक आणि खिडकीसमोर तीन मजली हिरवी टाकी. टोमॅटोची सालं, बिया, धुतलेलं पाणी, सगळं उघड्या पाटातून वाहत तिच्यात जातं. आत हवा नाही. तिथले जिवाणू ते खातात आणि गॅस सोडतात. त्यावर कारखान्याचा बॉयलर चालतो, कँटीनचा चहासुद्धा उकळतो. सूक्ष्मजीवशास्त्र घेतलं तेव्हा आत्या म्हणाली होती, किडे बघून पोट भरणार का. तिला एकदा इथला चहा पाजायला हवा.

टाकी नवीन आहे. महिन्यापूर्वी शेणाचं विरजण लावलं, पण अजून नीट लागलेलं नाही. ते लावून देणं माझं काम. टाकी चालवणारे रंगनाथकाका दिंडोरीकडचे, मला पहिल्याच तासाला गूळ-शेंगदाणे देऊन मोकळे झाले. मस्त माणूस.

लेक आरोही सात महिन्यांची, मनमाडला आईजवळ आहे. नवऱ्याची, महेशची रेल्वेची नोकरी, ड्युटीचा नेम नाही. महिनाअखेर इंदिरानगरला खोली घ्यायची आणि आई-आरोहीला इकडे आणायचं, असं ठरलंय. तोवर मी कारखान्याच्या क्वार्टरमध्ये आणि शनिवारी मनमाडला. चार आठवडे निघतील कसेबसे.

५ नोव्हेंबर

दुपारपर्यंत छाती दगडासारखी होते. पिळून काढलेलं दूध मोरीत ओतायला जीव होईना. आईला फोन केला. ती म्हणाली, "दूध पायदळी येऊ द्यायचं नसतं बाई. वाहत्या पाण्यात सोडत जा, म्हणजे आटत नाही."

इथे वाहतं पाणी एकच, टाकीकडे जाणारा पाट. इकडेतिकडे बघून वाटी त्यात रिकामी केली. पदवीधर बाईचे हे उद्योग. मग थोडी रडले.

१० नोव्हेंबर

शुक्रवारपर्यंत टाकी लागली होती. चारच दिवसांत गॅस दुप्पट, साहेब खूश. काका म्हणतात ताईंच्या हाताला गुण आहे. एवढ्या मोठ्या टाकीत तीन वेळा वाटीभर दूध गेल्याने काही होत नसतं. पण नोंदी बघितल्या तर गॅस दर वेळी दूध सोडल्यावरच चढलेला.

शनिवारी मनमाडला गेले, तर आरोहीसाठी दूध उतरलंच नाही. ती ओढून ओढून रडली, शेवटी आईने बाटली दिली. प्रवासाचा शीण असेल म्हणाली. रविवारी काकांचा फोन आला, टाकी आंबट झालीय, गॅस बंद. आज सकाळी गेटातून आत पाऊल टाकलं आणि दूध आपोआप वाहायला लागलं, ओढणी भिजेपर्यंत. आधी टाकीपाशी जाऊन पाटात वाटी रिकामी केली आणि मग कपडे बदलायला गेले. याची लाज वाटते.

१३ नोव्हेंबर

परीक्षा घ्यायची ठरवली. दिवसभर पाटात काही सोडलं नाही, लिंबाच्या मुळाशी ओतलं. दोनच्या सुमारास गॅसचा काटा थरथरायला लागला. मी टाकीच्या पत्र्याला कान लावला. आत चुटचुट चालली होती, बाळ झोपेत ओठ हलवतं तशी. तो आवाज मी ओळखते. कुठलीही आई ओळखेल.

काका मागे उभे होते. हळूच म्हणाले, "ताई, लेकरागत झालंय ते. तुमच्याबिगर खातच नाय."

मी वाटी रिकामी केली. आवाज थांबला.

१५ नोव्हेंबर, शनिवार

मनमाडला पोचले नाही. निफाड सुटलं आणि ताप चढला, पोट फुगलं, श्वास घेता येईना. काकांचा फोन आला, टाकी फेसाने भरून वाहतेय, आत तापमान एकोणचाळीस अंश सेल्सिअस. नेहमी सदतीस असते. पर्समधला थर्मामीटर लावला, माझाही ताप एकोणचाळीस. लासलगावला उतरले, परतीची गाडी धरली. नाशिकरोड येईपर्यंत ताप गेला होता.

आरोहीला दोन आठवड्यांत एकदाच मांडीवर घेतलंय.

१८ नोव्हेंबर

राजीनामा दिला. साहेबांनी अडवलं नाही. रिक्षात बसले. इंदिरानगरच्या वळणावर शुद्ध हरपली. रिक्षावाल्याने मला परत इथेच आणून सोडलं, गळ्यात कारखान्याचं कार्ड होतं ना.

महेशला सगळं सांगितलं. तो म्हणतो, झोप नाही म्हणून असं होतंय, दवाखान्यात जा. दवाखाना गेटच्या बाहेर आहे.

१९ नोव्हेंबर

आता गेटपर्यंतही जाता येत नाही. प्रयोगशाळा, पाट, टाकी. बस.

आईचा फोन. आरोही बाटली तोंडात घेत नाही, तीन दिवस झाले. डोळे खोल गेलेत. डॉक्टरांनी सांगितलं, आईला बोलवा.

मी जाऊ शकत नाही. आणि तिला इथे आणू नको असं आईला सांगितलं. का, ते सांगता आलं नाही. फोनवर आरोही रडत होती आणि दूध आलं. पाटाच्या बाजूच्या छातीतून. मी हाताने दाबून धरलं, तरी

२० नोव्हेंबर

आई ऐकायची नाही. उद्या सकाळच्या गाडीने येतेय. काकांना म्हटलं, त्यांना गेटवरूनच परत लावा.

टाकी शांत आहे. आज काहीच मागितलं नाही. जणू आतल्या त्यालाही कळलंय की कोण येतंय—

२१ नोव्हेंबर, सकाळी अकरा

आली. किती हलकी झालीय माझी पोरगी. परत पाठवणार होते. नाही पाठवलं. प्रयोगशाळेचं दार लावून घेतलं. आई शेजारी बसून माझ्या पाठीवरून हात फिरवतेय.

आरोही पितेय. महेश, ती पितेय. हे तुला कळावं म्हणून एका हाताने लिहितेय. आता कोणी काहीही करो, मी हिला सोडून उठणार नाही. टाकी फुटली तर फुटू दे.

खिडकीतून गॅसचा काटा दिसतो, लाल रेघेवर. मी बघणार नाही.

काटा शून्यावर. एकदम.

काका खिडकीशी. टाकी रिती झाली म्हणतायत. पाट उलटा वाहतोय, इकडे— दार उघडू नका म्हणतायत—

आई उठून उभी राहिली. दाराखालून ओल येतेय, कोमट—

आरोहीने दूध सोडलं. रडत नाहीये. दाराकडे बघून हसतेय, ओळखीचं कोणी आल्यावर हसते तशी. आणि माझं दूध दाराच्या बाजूने वाहतंय, थांबतच नाही, मी तोंड फिरवलं तरी— ते दाराशी नाही आता, ते माझ्या पायाशी, त्यालाही मांडीवर यायचंय