सोड म्हणेपर्यंत

३ जून, सोमवार

नव्या नोकरीचा पहिलाच दिवस आणि आल्या आल्या मेजवानी. माझ्या आधी इथे एक्स-रे काढणारे मामा आज निवृत्त झाले. सगळं हॉस्पिटल त्यांना मामाच म्हणतं, डॉक्टरसुद्धा. मी बडबडत बडबडत मासे खाल्ले आणि काटा घशात अडकला. मामांनी जेवण अर्धवट टाकलं, मला आत नेऊन मानेच्या फोटोसाठी उभं केलं. गिळायचं नाही, बोलायचं नाही, हलायचं नाही, असं बजावलं आणि बटण दाबलं. तेवढ्यात ग्रुप फोटोसाठी लोक त्यांना हाताला धरून ओढतच घेऊन गेले. फिल्मवर काटा दिसला नाही, म्हणजे आपोआप गेला असणार. माझी चांगलीच शोभा झाली, पण त्या निमित्ताने सगळ्यांशी ओळख झाली.

राहायला हॉस्पिटलच्या मागेच दोन खोल्या मिळाल्यात. खारूताईने आल्या आल्या सगळ्या खिडक्यांवर चढून पाहिलं. लेक सात वर्षांची झाली, पण एका जागी बसेल तर शपथ. तिचे बाबा गेल्यापासून आम्ही दोघीच आहोत. इथे बस्तान बसेल असं वाटतंय.

७ जून, शुक्रवार

खोली छान आहे. मशीन जुनं पण गुणी. भिंतीवर छातीच्या फोटोची पाटी, मधे टेबल, कोपऱ्यात काचेमागे माझी जागा. खुंटीला शिशाचा एप्रन, इतका जड की घातला की म्हातारी झाल्यासारखं वाटतं.

मामांची एक गंमत सांगायची राहिली. काम समजावताना त्यांनी ताकीद दिली होती की 'हलू नका' म्हटलं की शेवटी 'झालं, मोकळे व्हा' म्हणायचंच, आणि ज्याने धरायला सांगितलं त्यानेच सोडायला सांगायचं. दुसऱ्याने म्हटलेलं चालत नाही. सिस्टर हसून म्हणाल्या की मामा प्रत्येकाला निरोप दिल्यासारखे मोकळे करायचे, म्हणून दुपारपर्यंत रांग हलायची नाही. मी नुसतं 'पुढचे' म्हणते. जेवणाच्या सुट्टीआधी बाक रिकामा. डॉक्टर खूश.

२२ जून, शनिवार

खारूताईला खोकला आहे, म्हणून तिच्या छातीचा फोटो काढला. श्वास भरून घे, धरून ठेव आणि मी सोड म्हणेन तेव्हाच सोड, असं सांगितलं. शहाणी मुलगी, गाल फुगवून पुतळ्यासारखी उभी राहिली. बटण दाबलं आणि दारात अपघाताचं स्ट्रेचर आलं. माझी धावपळ पाहून वॉर्डातल्या मावशी तिला घरी घेऊन गेल्या. छाती स्वच्छ आहे. जीव भांड्यात पडला.

माझा आवाज मात्र बसलाय. दिवसभर ओरडायचं म्हणजे दुसरं काय होणार.

१ जुलै, सोमवार

कोपर मुरगळला म्हणून आलेला बस ड्रायव्हर आज परत आला. तेव्हा सगळं ठीक होतं. आज सांध्यावरून हाडाचा पूल गेलाय, हात सरळच होत नाही. डॉक्टर म्हणाले, मांसाचं हाड होतंय, असा पेशंट आख्ख्या नोकरीत एखादाच दिसतो. त्यांना एवढा आनंद झालेला पाहून मला त्या ड्रायव्हरची कीव आली. गाडी कशी चालवू, असं तो पुन्हा पुन्हा विचारत होता.

५ जुलै, शुक्रवार

आणखी दोघं. शिंपीणबाईंचा घोटा, शाळेतल्या शिपायाचा खांदा. डॉक्टर परिषदेत वाचायला निबंध लिहितायत.

मी जुन्या आणि नव्या फिल्म शेजारी लावून पाहिल्या. ड्रायव्हरचा हात काटकोनात जखडलाय, मी टेबलावर ठेवला होता तसाच. शिंपीणबाईंचं पाऊल जरा आत वळलेलं, मी वळवलं होतं तेवढंच. सगळ्या फिल्मच्या कोपऱ्यात माझं शिशाचं अक्षर, म्हणजे फोटो मीच काढलेले. कुणाला सांगणार? वेड लागलं म्हणतील.

खारूताई इथे आल्यापासून पहिल्यांदाच गप्प बसून आहे. दमल्यासारखं वाटतं म्हणते.

९ जुलै, मंगळवार, दुपार

काल ड्रायव्हरला बोलावून घेतलं. हात तसाच ठेवला, बटण दाबलं. आधी सिस्टरना म्हणायला लावलं. काही नाही. मग मी म्हटलं, झालं, मोकळे व्हा. कट्ट असा आवाज आला आणि त्याने बोटं हलवली. मग कोपर. तो लहान मुलासारखा रडला, मीही रडले.

रजिस्टर काढून दिसेल त्याला बोलावणं धाडलं. आज सकाळपासून येतायत, लंगडत, वाकून, एकमेकांना धरून. प्रत्येकाला मोकळं केलं, एकालाही नुसतं 'पुढचे' म्हटलं नाही. घशाची पार वाट लागली, पाणीसुद्धा उतरत नाही. तरी इतकं हलकं कधी वाटलं नव्हतं.

९ जुलै, संध्याकाळ

घरी आले. खारू भिंतीला टेकून उभी होती. खोकला नाही. छाती वर-खाली होत नाही, नुसतं पोट जरासं—

काय होतंय विचारलं. म्हणाली, आई, तू सोड म्हणालीच नाहीस.

उचलून धावले. सिस्टरना म्हटलं, मामांना फोन करा, ते सांगतील. मामा वारले, त्या म्हणाल्या. मागच्याच आठवड्यात.

सांगताना माझा आवाज मधेच तुटला. सिस्टरनी माझ्या मानेचा फोटो काढला. घशाभोवती पांढरं हाड, कडं घातल्यासारखं.

बोलायचं नाही, म्हणाले होते मामा. 'झालं, मोकळी हो' म्हणालेच नाहीत. त्यांना ओढून नेलं.

खारूला पाटीशी उभं केलंय. बरगड्या हाताला लाकडासारख्या लागतात. मी काही सांगायच्या आधीच तिने गाल फुगवले. तू म्हणालीस की सोडते, असं म्हणाली होती वाटेत.

बटण दाबलं. तोंड उघडलं. नुसती हवा—

पुन्हा—

सिस्टर ओरडतायत, सोड ग, सोड. ती त्यांच्याकडे बघतही नाही. माझ्या तोंडाकडे बघतेय. ओठ निळे पडलेत. दिवसभर किती जणांना म्हटलं मी, किती जणांना—

वही तिच्यासमोर धरते. मोठ्या अक्षरात. खारू, बघ, आईने लिहिलंय

सोड

ती मान हलवते. लिहून नाही. म्हण

बाळा सोड

सोड ना ग राणी, आईच म्हणतेय, सो