चोविसावा प्रश्न

सोलापूर
रविवार, ता. ९ फेब्रुवारी १९७५

प्रिय शिवपुत्र,

दोन वर्षांत तुला एक ओळ लिहिली नाही. लिहू नकोस असं तूच म्हणाला होतास आणि मी सांगितलेलं ऐकणारा माणूस आहे, हे तुला माहीत आहे. आज ते मोडतो आहे. दुधनीत तुझ्या लग्नाचं घाटतंय, मुलगी पाहून झाली आहे, आणि तू होही म्हणत नाहीस आणि नाहीही म्हणत नाहीस, हे मला कळलं आहे. कोणाकडून कळलं ते शेवटी लिहितो. आधी लिहिलं तर मधलं तू घाईने वाचशील, आणि मधलंच महत्त्वाचं आहे.

मी चादरीचा कारखाना सोडला. खोकला जाईना म्हणून सोडला. आता सात रस्त्यापासून थोड्या अंतरावर कुटुंबनियोजनाचं एक लहान केंद्र आहे, तिथे कामाला आहे. केस पेपर लिहायचे, रजिस्टर ठेवायचं, बायकांना बाकावर ओळीने बसवायचं. सातवीपर्यंतच्या शिक्षणाला हे काम पुष्कळ झालं. अक्षर चांगलं आहे म्हणून घेतलं. खोलीही बदलली आहे. भाकरी आता स्वतः थापतो आणि ती फुगते. तू पाहिली असतीस तर विश्वास ठेवला नसतास. आईला मी गेल्या दिवाळीत माळशिरसला जाऊन सांगितलं की मी लग्न करणार नाही. दोन दिवस ती माझ्याशी बोलली नाही. तिसऱ्या दिवशी ज्वारीचं पोतं एसटीवर चढवून देताना म्हणाली, एकटा ऱ्हायचं तर ऱ्हा, पर उपाशी ऱ्हाऊ नगंस. मी पोतं धरून उभा राहिलो. एकूण माझं बरं चाललं आहे. खरंच बरं चाललं आहे, तुला बरं वाटावं म्हणून लिहीत नाही.

कारखान्यातलं एकच आठवतं. मागावर नवा ताणा चढला की आपल्याला हाक यायची. बोटांना राख लावून जुन्या धाग्याच्या टोकाला नव्याचं टोक पिळून जोडायचं, दोन-दोन हजार धागे. तू त्या अंगाला, मी या अंगाला, मध्ये धाग्यांची भिंत आणि तिच्यातून दिसणारा तुझा चेहरा. माझे धागे तुटायचे नाहीत पण वेळ लागायचा. तू भराभर जोडायचास आणि मग माझ्या बाजूचे चार चोरून जोडून द्यायचास, म्हणजे मुकादम मला बोलणार नाही. मला आधी वाटायचं, मैत्रीत असंच असतं. मग गड्ड्याच्या जत्रेच्या सुट्टीत त्या दुपारी तू माझ्या खोलीवर आलास. आपण बावीस-तेवीस वर्षांचे, चांगले कळते होतो. जे झालं ते दोघांच्या मनाने झालं, आणि त्यातलं लाज वाटण्यासारखं मला आजही काही आठवत नाही. लाज नंतर आली, आणि ती बाहेरून आली.

तुला ती फार लवकर आली. तू कोणालाही न विचारता पुरुषांचे गुप्त आजार बरे करतो म्हणणाऱ्या त्या तंबूतल्या वैद्याकडे गेलास. तीन महिने त्याच्या काळ्या बाटल्या पीत होतास, जेवण ओकत होतास, आणि मला म्हणायचास की पित्त आहे. शेवटी दुधनीच्या गाडीत बसलास आणि खिडकीतून विचारलंस, महिपती, हे कधी बरं होतं का रे? मला माहीत नव्हतं. खोटं बोलावं असं वाटलं, पण तेही जमलं नाही. गाडी गेली.

आता केंद्राचं लिहितो. दर शनिवारी दुपारी आमच्या डॉक्टरबाई वस्तीतल्या लोकांना माहिती देतात. बायकांना आधी, पुरुषांना नंतर. पण तोंडाने कोणी विचारत नाही, म्हणून त्यांनी दारात एक कुलूपबंद पेटी ठेवली. मनातली शंका चिठ्ठीवर लिहून आत टाकायची, नाव लिहायचं नाही. ज्यांना लिहिता येत नाही त्या बायका आमच्या केराबाईंच्या कानात सांगतात. केराबाई म्हणजे केंद्रातल्या आया, साठीच्या, तोंडात कायम सुपारी. त्या मला सांगतात, मी लिहितो. पण पेटी भरू लागली तशी बाईंच्या लक्षात आलं की लोक एकमेकांचं अक्षर ओळखतात. तेव्हापासून पेटी उघडायची, सगळे प्रश्न मी माझ्या अक्षरात एका मोठ्या कागदावर उतरवायचे, चिठ्ठ्या चुलीत टाकायच्या, आणि बाईंनी माझा कागद वाचायचा, असं ठरलं.

शिवा, त्या चिठ्ठ्या वाचून मी दुसराच माणूस झालो. मला वाटायचं की सगळ्या सोलापुरात आपण दोघेच घाबरलेले आहोत. तर इथे सगळेच घाबरलेले. लग्नाला चार वर्षं झाली, नवऱ्यापाशी कसं जायचं ते कोणी सांगितलं नाही. तिसरी मुलगी झाली, दोष माझ्यात आहे का? मुलगा की मुलगी हे बापाकडून ठरतं, असं बाईंनी सांगितलं तेव्हा बायका एकमेकींकडे बघू लागल्या. एकीने विचारलं होतं, माझा धाकटा भाऊ लुगडं नेसून बसतो, मी बहीण आहे म्हणतो, त्याला मारून काही उपयोग होईल का? बाई म्हणाल्या, मारून तुमचा हात दुखेल, तेवढाच उपयोग. मग त्यांनी सावकाश समजावलं. जन्माला आल्यावर दाई अंग बघून सांगते ती एक गोष्ट. आतून आपण स्वतःला काय समजतो ती दुसरी. लोक म्हणतात की बाईने असं वागावं, पुरुषाने तसं, ती तिसरी, आणि ती गावागावाला बदलते. आणि आपलं मन कोणावर जातं ती चौथी. बहुतेकांच्या चारही एका रांगेत असतात म्हणून त्यांना वाटतं की ती एकच गोष्ट आहे. कोणाकोणाच्या नसतात. यावर केराबाई मागून म्हणाल्या, व्हय की बाई, आमच्या गल्लीत बायकूला हाणतो त्यो मर्द, आन् भाकरी थापतो त्यो बायल्या. मला तर भाकरीवालाच पायजे हुता, पर मिळाला त्यो मर्द. सगळ्या बायका हसल्या. मी मान खाली घालून रजिस्टर लिहीत होतो, पण मीही हसलो.

त्या रात्री मी ठरवलं, आणि पुढच्या शनिवारी चिठ्ठ्या उतरवताना शेवटी एक प्रश्न माझ्या मनाने घातला. पुरुषाचं मन पुरुषावरच गेलं आणि बायकांवर कधी गेलंच नाही, तर तो आजार आहे का, आणि लग्नाने तो बरा होतो का? पेटीत चिठ्ठी टाकली नव्हती, कारण चिठ्ठी माझ्याच हातात परत येणार होती. सगळ्यांचं अक्षर एकच, कोणाला कळणार होतं? मी मागच्या भिंतीला टेकून थांबलो. बाईंनी एक-एक प्रश्न वाचला, उत्तरं दिली, आणि माझ्या प्रश्नाआधी कागद मिटला. सभा संपली. मला वाटलं, इतकं घाण आहे की त्यांना ते मोठ्याने वाचायलाही नको वाटलं. घरी जायला निघालो तर त्यांनी हाक मारली. कागद माझ्यापुढे धरला. प्रश्न चोवीस होते, आणि खाली मी माझ्या सवयीने, रेघ मारून, लिहिलं होतं, पेटीतील एकूण चिठ्ठ्या तेवीस. त्या म्हणाल्या, महिपती, तू मोजण्यात चुकत नाहीस. बस.

नोकरी गेली असंच वाटलं. पण त्यांनी केराबाईंना चहा टाकायला पाठवलं, आणि मग जे सांगितलं ते मी खोलीवर येऊन जसंच्या तसं लिहून ठेवलं. त्यातलं तुझ्यासाठी उतरवतो. हा आजार नाही. अशी माणसं सगळीकडे आणि सगळ्या काळात होती. पूर्वी डॉक्टर याला आजार म्हणत, बाईंनाही तसंच शिकवलं होतं, पण अमेरिकेत मनाच्या डॉक्टरांच्या मोठ्या मंडळाने हे आता आजारांच्या यादीतून काढून टाकलं आहे, हे त्यांनी स्वतः वाचलं. मी विचारलं, मग लग्न? त्या म्हणाल्या, लग्नाने बरं व्हायला आधी आजार असावा लागतो. आजार नसताना औषध दिलं तर ते कोणाला बाधतं? त्या मुलीला बाधतं. ती बिचारी जन्मभर विचारत बसते, माझ्यात काय कमी आहे. अशा दोन बायकांच्या चिठ्ठ्या तूच उतरवल्या आहेस, महिपती. ते खरं होतं. मला आठवल्या. त्यांनी एवढंही सांगितलं की कायदा आणि लोक अजून आपल्या बाजूचे नाहीत, म्हणून जपून राहावं लागेल, पण जपून राहणं वेगळं आणि स्वतःची किळस करणं वेगळं. मग पुढच्या शनिवारी त्यांनी तो प्रश्न पुरुषांच्या सभेत पहिला वाचला. दोघे उठून गेले. एक जण कुजबुजून हसला. पण तिसऱ्या रांगेत एक टोपीवाले गृहस्थ होते, पन्नाशीचे, सगळे गेल्यावरही ते बराच वेळ बसून होते. मी त्यांना पाणी दिलं. ते प्यायले आणि गेले.

तेव्हा शिवा, तू खिडकीतून विचारलेल्याचं उत्तर असं आहे. बरं होत नाही, कारण त्यात बिघडलेलं काही नाही. बाटल्या उरल्या असतील तर ओतून टाक.

आता शेवटचं. गेल्या गुरुवारी तुझे अप्पा इथे आले होते. पत्ता विचारत विचारत केंद्रावर आले आणि बाळंतिणींच्या बाकावर अवघडून बसले. माझ्यासाठी तुरीची डाळ बांधून आणली होती. म्हणाले, बाळ, ह्या तिप्पण्णानं आजवर कुनापुढं हात पसरला न्हाई. पोरगं माझ्याशी बोलत न्हाई, तुझं लई नाव घ्यायचं. मुलगी चांगली हाय, उमरग्याची. तू लिहिनारा मानूस, एक कागद लिही त्याला, लगीन कर म्हून. तुझं ऐकंल त्यो. जाताना पायरीवर थांबून त्यांनी विचारलं, तुमच्यात काय भांडन झालतं का रं? सोलापूर सोडल्यापासनं त्यो हसलाच न्हाई. मी म्हणालो, भांडण नाही, अप्पा. आणि पत्र लिहितो असं कबूल केलं. हे तेच पत्र. लग्न कर असं मी त्यात लिहू शकत नाही. करू नकोस असंही लिहीत नाही, तो माझा अधिकार नाही, आणि माझा स्वार्थ त्यात आहे हे तुला दिसतंच आहे. फक्त घाबरून हो म्हणू नकोस, आणि त्या मुलीला न सांगता तर मुळीच नको. अप्पा तुला विचारतील, महिपतीनं काय लिहिलंय. त्यांना कन्नडच वाचता येतं, तेव्हा तू काहीही सांगू शकतोस. पण तुला धीर झाला, तर एखाद्या दुपारी अप्पांच्या दुकानात गिऱ्हाईक नसताना त्यांच्याजवळ बस, आणि हे सगळं त्यांना कन्नडमध्ये वाचून दाखव. माझं नाव गाळू नकोस. मला भीती वाटत नाही. वाटते, पण पूर्वीइतकी नाही.

हो म्हण, नाही म्हण, दोन्हीकडून तुझाच,
महिपती