कडीवरचा टॉवेल

आप्पा,

दुपारी मी अजूनही भांडी आपटत नाही. इथे माझ्या फ्लॅटमध्ये दिवसा झोपणारं कोणी नाही. आई खिडकीशी बसून टीव्ही बघते, तोही मोठ्याने, कारण तिला आता कमी ऐकू येतं. तरी मी कुकरचं झाकण दोन्ही हातांनी उचलते आणि ओट्यावर फडकं अंथरून त्यावर ठेवते. आई हसते. "कोण निजेल शे आठे?" म्हणते. आतल्या खोलीचं दार लोटलेलं असलं की मला तुमचा श्वास ऐकू येतो. भुताखेतांवर माझा विश्वास नाही, दिवसभर सरकारी कागद भरणारी बाई आहे मी. पण श्वास ऐकू येतो, आणि मी चालताना पाय हळू टाकते.

लिंबायतच्या आपल्या गल्लीत एकाआड एका घरात रात्रपाळीचा माणूस होता. तुम्ही सकाळी कारखान्यातून यायचा, अंगाला लूमच्या तेलाचा वास. अंघोळ, भाकरी, आणि मग आई आणि मी रात्रभर ज्या खाटेवर झोपलो त्याच खाटेवर तुम्ही. ती खाट कधी गार पडली नाही. तुम्ही निजलात की आई दार नुसतं ओढून घ्यायची आणि बाहेरच्या कडीला टॉवेल गुंडाळायची. म्हणजे आत माणूस झोपलाय, कडी वाजवू नका. सगळ्या गल्लीत हीच रीत. टॉवेल दिसला की भाजीवाला आवाज खाली आणायचा, आम्ही मुली सागरगोटे गोधडीवर खेळायचो. मी दुसरीत असेन, तहान लागली म्हणून धावत आले आणि कडी खडखडवली. तुम्ही आतून दार ओढलंत, डोळे लालभडक. मारलं नाहीत. माझा हात धरून त्या टॉवेलवर ठेवलात आणि म्हणालात, "हाऊ टावेल दिखना का कडीले हात लावाना नही. आग लागनी तरी." त्यानंतर मी कधी कडीला हात लावला नाही.

बारावीनंतर मी कॉलेजात घरांचा, म्हणजे हाउसिंगचा, विषय घेतला, तेव्हा गल्लीला हसायला एक कारण मिळालं. समोरच्या काकू आईला रोज विचारायच्या, पोरगी शिकून गवंडी होणार का? ज्यांची मुलं कॉमर्सला होती ते तुम्हाला विचारायचे, यात स्कोप काय? स्कोप हा शब्द तुम्ही तेव्हाच पहिल्यांदा ऐकला असेल. तुम्ही म्हणायचा, "घर कोणले नही लागस?" आणि चालू लागायचा. मला मात्र त्या प्रश्नाचा धसका होता, कारण उत्तर मलाही माहीत नव्हतं. आमचे सर सांगायचे की बिल्डरकडे जाता येईल, घरकर्जाच्या कंपनीत जाता येईल, पालिकेच्या योजनांवर काम मिळेल, नाहीतर संस्थांमध्ये. ते ही यादी इतक्या घाईने म्हणायचे की त्यांचाही तिच्यावर फारसा भरवसा नसावा.

एका रविवारी तुम्ही माझ्यासाठी स्टीलचा मेजर टेप आणलात. कसलाही गाजावाजा नाही, डब्याच्या पिशवीतून काढून हातात दिलात. म्हणालात, आधी खाट मोज. मी मोजली. मग मी दिमाखात माझं ड्रॉइंग पसरलं, दोन खोल्या, स्वयंपाकघर, पश्चिमेला मोठी खिडकी. तुम्ही बराच वेळ बोट फिरवत राहिलात. "आठे मी कोठे निजसू?" मी बेडरूम दाखवली. "दुपारनं ऊन येई तठे," तुम्ही म्हणालात. मला राग आला, आप्पा. मी म्हणाले, हे घर कारखान्यातल्या माणसासाठी नाहीये. तुम्ही "बरं" म्हणालात आणि कागदाची गुंडाळी नीट करून दिलीत. पुढच्या ड्रॉइंगमध्ये मी गुपचूप खिडकी हलवली. सरांनी हवा खेळत नाही म्हणून मार्क कापले, आणि हे मी तुम्हाला सांगितलंच नाही.

आता ती दुपार. मला पहिलं काम मिळालं होतं, पालिकेच्या योजनेसाठी वस्त्या मोजायचं, सहा महिन्यांचं कंत्राट. नेमणुकीचा कागद प्लास्टिकच्या फाइलमध्ये घालून मी रिक्षाने घरी आले. वाटेत एकच वाक्य घोळवत होते: आप्पा, याला स्कोप म्हणतात. आई टिकल्या लावलेल्या साड्या पोचवायला गेली होती. कडीला टॉवेल होता. मी दाराबाहेरच्या ओट्यावर बसले. ऊन पायांवरून गुडघ्यांपर्यंत आलं, मी सरकले नाही. फाइल मांडीवर होती. सवयीने मी काकूंच्या नातवाला ओठांवर बोट ठेवून गप्प केलं. असे दोन तास गेले. आई आली, तिने टॉवेल सोडला आणि दार उघडलं, आणि मग तिचा जो आवाज आला तो मी लिहिणार नाही. डॉक्टर म्हणाले, हृदय. दुपारी कधीतरी.

त्याला अठरा वर्षं झाली. मी अजून तेच काम करते, फक्त कंत्राटं लांब झाली आणि कागदाच्या जागी मोबाइल आला. वस्तीत टॉवेल लावलेलं दार आलं की मी शेजाऱ्यांना विचारून माहिती भरायचे आणि पुढे सरकायचे. माझ्या हाताखालच्यांना वाटतं, मॅडमना घाई असते. आता ते चालत नाही. राहणाऱ्या माणसाचा घरातच फोटो लागतो, आणि घर तीनदा बंद दिसलं की नव्या घरांच्या यादीतून जातं. मागच्या आठवड्यात एका घरापुढे मी तिसऱ्यांदा उभी राहिले. कडीला निळा टॉवेल. संध्याकाळी तो माणूस कारखान्यात असतो हे मला कोणी सांगायची गरज नव्हती. पालिकेतल्या साहेबांना फोन केला, तर ते गुजरातीत म्हणाले, "बेन, त्रण वार बंध एटले बंध." मोबाइलवर 'बंद' लिहिलेल्या जागी बोट टेकवलं की वीस वर्षं तिथे राहणाऱ्या माणसाचं घर गेलं. मी हात कडीकडे नेला. तुम्ही माझं मनगट धरलं होतं, आप्पा. खोटं नाही सांगत, मला बोटं जाणवत होती.

मी टॉवेल बाजूला केला आणि कडी वाजवली. आत काही हललं नाही. मग मी वेड्यासारखी वाजवली, दाराला धक्के दिले, गल्लीतली माणसं बाहेर आली. शेवटी आतून चिडलेला आवाज आला आणि दार ओढलं गेलं. तुमच्याच वयाचा माणूस, बनियन, डोळे लालभडक. "कडी काबर वाजाडी? टावेल दिखना नही का, बेन?"

"दिखना, भाऊ," मी म्हणाले, आणि मला रडूच फुटलं. तो बिचारा गोंधळला. त्याने मला खाटेवर बसवलं, पाणी दिलं. खाट गरम होती. मी त्याचा फोटो काढला, त्यात त्याचे डोळे मिटलेलेच आले. जाताना त्याने विचारलं, "नवा घरमा दिवसले अंधार राही का?" फॉर्ममध्ये असा रकाना नाही. मी शेऱ्यात लिहिलं, दिवसा झोपतो. साहेब ते खोडतील बहुतेक.

उद्या कॉलेजात पहिल्या वर्षाच्या मुलांशी बोलायला बोलावलंय, या विषयात पुढे काय आहे ते सांगायला. सरांचीच यादी सांगेन, जरा सावकाश. त्याची तयारी करायला बसले होते आणि हे लिहीत सुटले. हे कुठे पाठवायचं नाही, आणि घरात ठेवताही यायचं नाही. आईला कमी ऐकू येत असलं तरी वाचता चांगलं येतं.

त्या दिवशी तिने मला एकदाच विचारलं होतं, आतून काही आवाज आला होता का? मी नाही म्हणाले. डॉक्टरांनाही तेच सांगितलं, काकूंनाही. आप्पा, खाट करकरली होती. मग तुम्ही मला हाक मारलीत, "माय," नेहमी मारायचा तशी, हळू. मी उठून कडीपर्यंत गेले. टॉवेलवर हात ठेवला. झोपेत बोलत असाल म्हणून परत येऊन बसले.