तू दिलेलं उत्तर

आई, त्या सुदानी डॉक्टरणीला तू शेवटपर्यंत बोल लावत राहिलीस, म्हणून हे लिहायला बसले आहे. तिचा काही दोष नव्हता. ‘माझं ऐकलंच नाही तिने’ असं तू शेजारच्या चाचीला सांगायचीस, गावी मावशीला सांगायचीस, फोनवर बाबांच्या बहिणीलाही सांगितलंस. दर वेळी मी तिथेच कुठेतरी असायचे, भाजी निवडत नाहीतर धाकटीचा गृहपाठ बघत, आणि एकदाही मान वर केली नाही. तिने तुझं ऐकलं नाही हे खरं. पण तुझं म्हणणं तिच्यापर्यंत पोचलंच नव्हतं.

तिकडे आखातात, हमरियातली आपली ती दोन खोल्यांची जागा, खाली लाँड्री, मधल्या मजल्यावर चाची, वर आपण. बाबांच्या अर्बाबने, म्हणजे अरब मालकाने, लांब इब्राला दुसरं गॅरेज काढल्यापासून बाबा तिकडेच असायचे, गाड्यांचे एसी दुरुस्त करायचे आणि गुरुवार-शुक्रवारच्या सुट्टीला बुधवारी रात्री घरी यायचे. तो रविवार होता. माझी परीक्षा चालू होती आणि त्या दिवशी पेपर नव्हता, म्हणून मी घरी. तू चार दिवस डोकं दुखतंय म्हणत होतीस. पाय इतके सुजले होते की चप्पल चढत नव्हती आणि जोडवी तू साबण लावून काढली होतीस. सकाळी कणीक मळता मळता तू म्हणालीस, ‘बाय, डोळ्यापुढं काजवे चमकतायत गो.’ आणि सिलिंडरला टेकून तिथेच खाली बसलीस. मी धावत खालच्या मजल्यावर गेले. रत्नागिरीकडची चाची पिठाच्या हातांनीच वर आली, तुला बघितलं आणि म्हणाली, ‘हिला आत्ताच्या आत्ता न्यायची. धाकटीला माझ्या पोरींजवळ ठेव. टॅक्सी थांबव जा.’

हॉस्पिटलमध्ये तुला आडवं केलं, पट्टा बांधला, सुई टोचली. नर्स फिलिपीनी होती. डॉक्टरीण उंच, सावळी, डोक्याला पांढरं कापड गुंडाळलेली. तिने आधी बाबांना विचारलं. चाची इब्राला फोन लावायला खालच्या काउंटरवर गेली. आता खोलीत मराठी समजणारी तू आणि मी, इंग्रजी समजणाऱ्या त्या दोघी आणि मी. डॉक्टरीण खुर्ची ओढून माझ्यासमोर बसली आणि मी मोठी बाई असल्यासारखी सावकाश बोलायला लागली.

‘तुझ्या आईचं ब्लडप्रेशर फार वर गेलं आहे. आज बाळ बाहेर काढलं तर आई वाचेल. पण बाळाला सहा महिनेच झालेत, ते बहुधा जगणार नाही. दोन-तीन आठवडे थांबलो तर बाळाला थोडी आशा आहे. मग आईचं मात्र मी सांगू शकत नाही. माझं मत, आजच करावं. पण निर्णय तिचा आहे. तिला सगळं सांग आणि ती काय म्हणते ते मला सांग.’

मी तुला सगळं सांगितलं, आई. तिथवर एक शब्द इकडचा तिकडे केला नाही. काही शब्द मला मराठीत येत नव्हते. दिवस पूर्ण भरले नाहीत हे कसं म्हणायचं ते सुचेना, तेव्हा मी म्हटलं, ‘बाळ अजून कच्चं आहे.’ तू ऐकत होतीस. डोळ्यांच्या कडांनी पाणी कानांत जात होतं, पण आवाज साधा होता, उद्या डब्याला काय देऊ विचारताना असायचा तसा.

‘थांबायचं. तिला सांग, माझं काय व्हायचं ते होऊं दे, पोराला आत राहूं दे. तुम्ही दोघी काय, आता मोठ्या झालात.’

मी चौदा वर्षांची होते. धाकटी पाच.

मी डॉक्टरणीकडे वळले आणि म्हटलं, ‘ती हो म्हणते. आजच करा.’

तिने तुझ्याकडे बघितलं, मग माझ्याकडे. ‘नक्की असंच म्हणाली? तिचा चेहरा तसं सांगत नाही.’

‘नक्की. रडतेय, पण हो म्हणते.’

‘सांगितलंस?’ तू विचारलंस. मी म्हटलं, सांगितलं. नर्सने कागद आणला, अरबी आणि इंग्रजी. ‘हे कशाला?’ ‘तुला इथे ठेवून घेतायत, त्याचं आहे.’ तू गावच्या शाळेत तुला शिकवली होती तशी, प्रत्येक अक्षरावर नीट रेघ ओढत सही केलीस. ट्रॉली हलली तेव्हा म्हणालीस, ‘कुठं नेतायत?’ मी म्हटलं, तपासायला. चाची परत आली तेव्हा तू आत गेली होतीस. ती सांगत होती, बाबा रस्त्यात बंद पडलेली गाडी आणायला गेलेत, अर्बाब निरोप देतो म्हणाला, इन्शाल्ला संध्याकाळपर्यंत येतील. मग तिने विचारलं, ‘काय म्हणाली गो डॉक्टरीण?’ मी म्हटलं, लगेच करावं लागेल म्हणाली. तेही खोटं नव्हतं.

मुलगी होती. दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत होती. बाबा आणि चाचीचे मिस्टर तिला घेऊन गेले. कुठे, ते मी विचारलं नाही. तू शुद्धीवर आलीस तेव्हा पहिलं वाक्य मला उद्देशून होतं, ‘मी नको म्हटलं होतं ना?’ आणि मी म्हटलं, ‘मी सांगितलं होतं तिला. ती म्हणाली, वेळ नाही.’ तुझा विश्वास बसला. इतका सहज बसला, की नंतर ते वाक्य परत घ्यायला मला जागाच सापडली नाही.

वर्षभराने रुवीच्या बाजारात कापडाच्या दुकानात ती डॉक्टरीण भेटली. तिने आपल्याला ओळखलं, लांबूनच हात हलवला, जवळ येऊन अगदी आनंदाने म्हणाली, ‘मम्मा कशी आहे?’ तू तोंड फिरवलंस आणि धाकटीचा हात धरून दुकानाबाहेर गेलीस. ती माझ्याकडे बघत उभी राहिली. आई, त्या क्षणी तिला कळलं असणार. मी काउंटरवरच्या अस्तराच्या ताग्याकडे बघत होते, आणि मग तुझ्या मागे बाहेर आले. तुला फसवलं त्याची मला जितकी लाज वाटते, त्याहून जास्त या दुकानातल्या मिनिटाची वाटते.

तू पुढे अठरा वर्षं जगलीस. दोघींची लग्नं केलीस, माझ्या बाळंतपणात दोन महिने डिंकाचे लाडू करत राहिलीस, हमरियातल्या अर्ध्या बायकांचे ब्लाउज शिवलेस. किडन्या गेल्या तेव्हा एका दुपारी पडल्या पडल्या म्हणालीस, ‘तिनं ऐकलं नाही ते बरं केलं का वाईट, मला अजून कळत नाही. तुझ्या पोराला अंघोळ घालताना वाटायचं बरं केलं. बाकी वेळ नाही वाटायचं.’ मग माझ्याकडे मान वळवून विचारलंस, ‘मी त्या दिवशी काय म्हटलं होतं, तुला आठवतं का गो?’ मी म्हटलं, नाही. तू माझ्याकडे बघत होतीस. मग म्हणालीस, ‘मला पण नाही.’ तुला खरंच आठवत नव्हतं का, हे मला आता कोण सांगणार?

पुढे ओळखीच्या एका डॉक्टरांना मी दुसऱ्या कुणाचं म्हणून सारं सांगितलं. ते म्हणाले, थांबले असते तर बहुतेक दोघीही गेल्या असत्या. चाचीला मात्र खरं सांगितलं, तू गेल्यावर. तीही म्हणाली, ‘बाय, तू केलंस ते ठीकच केलंस, खलास, आता विसर.’ पण मला त्या दिवशी हे काही ठाऊक नव्हतं. नंतर कळलेल्या गोष्टीच्या जोरावर आधीचं कृत्य चांगलं ठरवायचं, हे मला जमत नाही. स्वतःचा जीव द्यायचा की नाही हे ठरवायचा हक्क तुझा होता, आणि तू ठरवलंही होतंस. आज माझ्या मुलाने माझ्या बाबतीत असं केलं तर मी त्याला माफ करीन का?

हे मी धाकटीलाही दाखवणार नाही. ती अजून त्या डॉक्टरणीला नावं ठेवते, आणि मी अजून ऐकून घेते. लिहिताना मला वाटत होतं की एका पारड्यात तू, दुसऱ्यात बाळ, आणि मधे चौदा वर्षांची मी, असं काहीतरी मला मांडता येईल. पण तसं झालंच नव्हतं. बाळाचा विचार मी केलाच नाही, आई. एकदाही नाही.